पुढच्या दाराजवळची जागा

विमानाचा पुढचा तुकडा कळंबोलीत आलाय, हे करीम धनसेला त्याच्याच ड्रायव्हरने सांगितलं. नामदेव त्याच्याकडे ट्रेलर चालवायला लागला तेव्हा करीमची मुलगी इक्रा अजून रांगत होती. त्यामुळे ही बातमी दुसऱ्या कुणाच्या तोंडून शेटच्या कानावर जाऊ नये, असं त्याला वाटलं. सकाळी तो ऑफिसात आला आणि दारातच उभा राहिला.

"बस की," करीम म्हणाला.

"नको शेट. उभ्यानंच सांगतो. कुलदीपच्या यार्डात ते इमान आलंय."

"कुठलं इमान?"

नामदेव खाली मान घालून फरशीकडे बघत राहिला. तेव्हा करीमला कळलं कुठलं.

करीमचे दोन ट्रेलर होते आणि एक क्रेन. स्टील मार्केटात पत्र्याच्या कॉइली उचलायच्या, तळोज्याच्या कारखान्यांना मशिनरी पोचवायची, हा त्याचा धंदा. माणूस तोंडाचा फटकळ, पण दिलेला शब्द पाळणारा. तळोजे गावात त्याचं पिढीजात घर. त्या घरातली पोरगी विमानात एअर होस्टेस होणार म्हटल्यावर त्याच्या थोरल्या भावाने येऊन तमाशा केला होता. "पोरीला परक्या मानसांच्या पुढं चहाचे ट्रे घेऊन नाचवतोस?" करीमने भावाच्या दंडाला धरलं आणि त्याला उंबऱ्याबाहेर नेऊन सोडलं. पुढे इक्राला दफन करून माणसं कबरस्तानातून परत फिरली, तेव्हा तोच भाऊ त्याच्याजवळ येऊन दोनच शब्द बोलला, "तुलाच हौस." तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

अपघात दोन पावसाळ्यांपूर्वीचा. जुलैतल्या एका रात्री ते विमान मुंबईहून दुसऱ्या राज्यातल्या, डोंगरात वसलेल्या एका विमानतळाकडे निघालं होतं. तिथे संध्याकाळपासून पाऊस कोसळत होता. पहिल्या खेपेला धावपट्टी दिसलीच नाही, म्हणून कॅप्टनने विमान पुन्हा वर उचललं आणि बराच वेळ ढगांत घिरट्या घातल्या. दुसऱ्या खेपेला वारा कुशीवर आदळत होता. ज्या उंचीला दिवे दिसायलाच हवेत, नाहीतर माघारी फिरायचं, असा नियम आहे, त्या उंचीच्याही खाली तो उतरला आणि काळोखात दिवे शोधत राहिला. दिवे दिसले. पण तोवर विमान धावपट्टीच्या अलीकडच्या टेकडीवर पोचलं होतं. पोट टेकडीला घासलं आणि विमानाचे तीन तुकडे झाले. शेपटीकडची बरीच माणसं चिखल तुडवत स्वतःच्या पायांनी बाहेर आली. पुढचा तुकडा उतारावरून घसरत खाली गेला आणि नाकाकडून कातळावर आपटला. दोन्ही वैमानिक गेले, पुढच्या रांगांमधले प्रवासी गेले, आणि पुढच्या दाराजवळ, घडीच्या खुर्चीत पट्टा बांधून बसलेली इक्रा गेली. वाचलेल्या एका गृहस्थांनी नंतर फोन करून सांगितलं होतं, "पोरगी शेवटपर्यंत ओरडत होती, डोकं खाली, डोकं खाली. म्हणून मी वाकलो."

चौकशीचा अहवाल आला तेव्हा त्यात पाऊस होता, वारा होता, बंद पडलेले काही दिवेही होते. करीमने त्यातलं एकच वाक्य धरून ठेवलं. कॅप्टनने विमान पुन्हा वर न्यायला हवं होतं. कॅप्टन सुधीर राजवाडे खारघरचा. त्याची बायको सुनीती अजून तिथेच राहत होती. करीमने कुठून तरी तिचा नंबर मिळवला आणि तोंडाला येईल ते बोलला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एक शब्द न बोलता फोन ठेवला. त्याचा त्याला अधिकच राग आला.

नामदेव गेल्यावर करीम उठला आणि चालतच कुलदीपच्या यार्डात गेला.

कुलदीप भंगाराचा मोठा व्यापारी. विम्यावाल्यांनी लिलावात काढलेले विमानाचे अवशेष त्याने घेतले होते. पंख, शेपटी, मधला भाग भट्टीत जाऊन वितळूनही झाले होते. हा एकच तुकडा त्याने राखून ठेवला होता. गर्डरच्या थप्प्यांमागे तो आडवा पडला होता. कंपनीचं नाव पांढऱ्या रंगाने पुसून टाकलेलं. नाकाच्या जागी नुसतं भगदाड, त्यावर निळी ताडपत्री. तिच्यामागे पुढचं दार, अर्धवट उघडं. करीम दारापासून दहा पावलांवर थांबला. पाय पुढे जाईनात.

कुलदीप धावत आला. "करीमभाई, तुम्ही इथे नका येऊ. प्लीज. आज-उद्यात जाईल ते."

"भट्टीत?"

कुलदीपने खिशातून रुमाल काढून मान पुसली. "नाही. एक पार्टी आहे. जुन्या हायवेवर हॉटेल काढतोय."

"हाटेल?"

"विमानात बसून जेवायचं. आजकाल चालतं ते, भाई. मला तरी कुठे माहीत होतं."

दुपारी करीम त्या हॉटेलच्या प्लॉटवर जाऊन पोचला. मालक दिपेश, तिशीचा, उत्साही पोरगा. विमान ठेवायला सिमेंटचा चौथरा बांधून तयार होता. फायबरचं नवंकोरं नाक गुंडाळून कडेला ठेवलेलं. गिऱ्हाईक समजून त्याने करीमला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"आत आठ टेबलं बसतील. वेटर मुली एअर होस्टेसच्या ड्रेसमधे. दारात उभ्या राहून वेलकम करणार. मुलांचे वाढदिवस तर इथेच होतील बघा."

"ते इमान पडलेलं हाय," करीम म्हणाला. "मानसं मेलीत त्यात."

"काका, ते आपण सांगणार नाही कुणाला. आणि खरं सांगू? कळलं तरी लोक जास्तच येतील."

"माझी मुलगी त्यात मेली. त्या दाराजवळ."

दिपेशचा चेहरा उतरला. माणूस वाईट नव्हता. पण त्याची जीभ फार वेळ स्वस्थ राहणारी नव्हती. "सॉरी काका. खरंच सॉरी. पण सगळं ठरलंय हो, लायसन्स, लोन, सगळं. आपण असं करू. दाराजवळ त्यांचा फोटो लावू. छान फ्रेम करून. किंवा एका टेबलाला त्यांचं नाव देऊ. तुमची फॅमिली कधीही येऊ दे, तुमच्याकडून बिल नाही घेणार."

करीम उठला. हातातला ग्लास त्याने सावकाश खुर्चीवर ठेवला. दिपेश त्याच्या हातांकडे बघत दोन पावलं मागे सरकला.

"बाप हाय तुझा?" करीमने विचारलं.

"आहे."

"त्याला इचार जाऊन. तुझ्या नावाचं टेबल चालंल काय त्याला."

घरी येऊन त्याने मेहरुन्निसाला सगळं सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण दुसऱ्या कुणीतरी सांगितलंच असतं. ती भाकरी थापत होती. तिने तवा उतरवला, गॅस बंद केला, हात धुतले आणि म्हणाली, "मला न्या तिथं."

"कशाला?"

"बघायचं हाय मला."

"बघन्यासारखं काय नाय. पत्रा हाय नुसता."

"पत्रा तर पत्रा. ती जिथं बसली होती ती जागा माझ्या नजरंखालनं घालायची हाय."

"नाय म्हनलं ना."

मेहरुन्निसा त्याच्याकडे बघत राहिली. तिची ही नजर करीमच्या ओळखीची होती. अपघातानंतर मुलगा रायानला घेऊन तो त्या परक्या गावातल्या इस्पितळात गेला होता. तिथे इक्राला ओळखलं, आणि पेटी तिथेच ठोकून बंद करवून घेतली. पेटी घरी आणल्यावर मेहरुन्निसा तिच्यावर पडली, झाकण उघडा म्हणून नखांनी लाकूड ओरबाडू लागली, तेव्हा त्याने बायकांना सांगून तिला उचलून आत नेलं. तिच्याच भल्यासाठी, असं तो सगळ्यांना सांगत आला. तिने ते कधी मानलं नाही. भांडलीही नाही. फक्त तेव्हापासून ती त्याच्याशी कामापुरतं बोलत असे, आणि मधूनच अशी बघत असे.

"तुमी बघितलंत," ती म्हणाली. "रायाननं बघितलं. तिथल्या झाडूवाल्यानंबी बघितलं आसंल. मी आई हाय तिची, मी नाय बघितलं."

"मेहरू, मी ते ठेवनारच नाय. खतम करून टाकनार. मग बघन्याचा सवालच नाय."

"खतम करायच्या आधी न्या."

तो काही बोलला नाही. तिला वाटलं, नेईल.

दुसऱ्या दिवशी त्याने कुलदीपला सांगितलं की तुकडा हॉटेलवर पोचवायचं काम मीच करणार. कुलदीप हबकला. "भाई, मी दुसरा ट्रेलर बघितलाय."

"माझ्या पोरीचं शेवटचं हाय ते. दुसऱ्याच्या गाडीवर चढू देनार नाय."

कुलदीपचे डोळे भरून आले. त्याने करीमचा खांदा दाबला आणि दुसऱ्या ट्रेलरवाल्याला नको म्हणून कळवलं. कुलदीपला आपण फसवतोय हे करीमला कळत होतं. त्याचं त्याला काहीच वाटलं नाही. त्या दिवसांत त्याला कुणाबद्दल काही वाटतच नव्हतं.

तुकडा उचलायच्या दिवशी ऊन रणरणत होतं. करीमने क्रेन स्वतः चालवली. पट्टे आवळले, तुकडा वर उचलला गेला, आतून काहीतरी खडखडत एका बाजूला गेलं, आणि खाली उभ्या असलेल्या नामदेवने डोळे मिटून घेतले. लो-बेड ट्रेलरवर तो बसवून, साखळ्यांनी आवळून ते फाटकाबाहेर पडत होते, तेव्हा एक करड्या रंगाची गाडी समोर आडवी थांबली. गाडीतून एक बाई उतरली. पन्नाशीची, उंच, कापलेले पांढरे केस.

"हे विमान हॉटेलात जाणार म्हणून व्हिडिओ आलाय," ती कुलदीपच्या माणसाला म्हणाली. "मला एकदा बघायचंय."

"तुमी कोन?" करीमने केबिनमधून विचारलं.

"सुनीती राजवाडे."

करीमने तिच्याकडे पाहिलं. फोनवर शिव्या देताना त्याने एक चेहरा मनात धरला होता. तो हा नव्हता. "गाडी बाजूला घ्या," तो म्हणाला. "नायतर वरनं घालतो."

तिने गाडी बाजूला घेतली. पण पुढे कॉलेज-फाट्यावर ट्रेलर हॉटेलच्या रस्त्याला न लागता तळोज्याकडे वळला, तेव्हा नामदेवने आरशात बघून सांगितलं, "शेट, ती बाई मागं हाय."

"येऊ दे."

तळोज्याला एमआयडीसीच्या टोकाला करीमच्या ओळखीच्या माणसाचं भंगार कापायचं यार्ड होतं. तिथे जबडा लावलेला एक पोकलेन होता. मालकाला करीमने आधीच सांगून ठेवलं होतं आणि तो मुद्दाम कुठेतरी निघून गेला होता. तुकडा जमिनीवर उतरवला. करीम पोकलेनकडे निघाला, तोच सुनीती येऊन मधे उभी राहिली.

"तुम्ही तोडणार आहात हे?"

"तुमाला काय करायचंय?"

"तोडा. मला ते हॉटेल नकोच आहे. पण मला आधी आत जाऊ द्या."

"तुमच्या नवऱ्यानं माझी पोरगी मारली. त्याला उलट फिरायला काय झालं होतं? एकदा फिरला, अजून एकदा फिरता! घाई कसली होती त्याला?"

"मला माहीत नाही," सुनीती म्हणाली. "दोन वर्षं मी रोज हेच विचारतेय. तुम्ही एकदाच फोन केलात. मी काय उत्तर देणार होते?"

"त्याच्या नावानं थुकतो मी."

"थुंका." तिचा आवाज आता चढला. "थुंका, शिव्या द्या, मला काही नवीन नाही. आमच्या बिल्डिंगमधले लोक लिफ्टमधे माझ्यासोबत चढत नाहीत. पण तो माझा नवरा होता आणि शेवटी याच पत्र्यात होता. मला पाच मिनिटं द्या, मग काय करायचं ते करा."

"त्याची जागाच नाय यात! नाक गेलं त्याचं. फुटलं! बघा, ताडपत्री हाय तिथं!"

"माहीत आहे मला. तो बसायचा त्याच्या मागचं दार तरी असेल."

तिने उत्तराची वाट पाहिली नाही. चपला काढल्या, दाराच्या कडेला धरलं आणि वर चढून आत गेली. करीमने तिला ओढून बाहेर काढायला हवं होतं. काढता आलं असतं. पण त्यासाठी दाराशी जावं लागलं असतं. तो जागीच उभा राहिला. आतून तिच्या पावलांचा आवाज आला, मग थांबला. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. नामदेव ट्रेलरच्या चाकाशी उकिडवा बसून जमिनीवर काडीने रेघा ओढत होता.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हाताला काळं लागलं होतं. उतरताना ती जराशी धडपडली. करीमने हात पुढे केला नाही. ती समोर येऊन उभी राहिली.

"तुमच्या मुलीची खुर्ची—"

"एक शब्द बोलायचा नाय!" करीम ओरडला. "तिचं नाव तुमच्या तोंडातनं नको मला!"

सुनीतीने तोंड मिटलं. चपला हातात घेऊन ती तशीच अनवाणी गाडीपर्यंत गेली.

करीम पोकलेनवर चढला. पहिला घाव त्याने छतावर घातला. पत्रा त्याला वाटला होता तितका घट्ट नव्हता. कागदासारखा चुरगळत गेला. खिडक्यांच्या ओळी एकमेकींवर बसल्या. दार वाकलं, आत ढकललं गेलं, दिसेनासं झालं. पुरता चेंदामेंदा होईपर्यंत तो थांबला नाही. नामदेव मधेच येऊन हात हलवत काहीतरी ओरडत होता. ते करीमने ऐकलं नाही. सगळं झाल्यावर इंजिन बंद केलं तेव्हा नामदेव म्हणाला, "भाभींचा फोन होता शेट. इचारत होत्या, कधी यायचं बघायला."

पोलीस संध्याकाळी आले. कुलदीपने तक्रार दिली होती. दिपेशने वेगळी दिली. करीमला चौकीत बसवून ठेवलं, आणि तो विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला "व्हय, मीच केलं" एवढंच म्हणत राहिला. बातमी फुटली. कुठल्याशा चॅनेलवाल्याने तुटलेल्या पत्र्यासमोर उभं राहून बापाच्या काळजाबद्दल भाषण केलं. गावातली माणसं जामिनाला धावली. थोरला भाऊही आला. गर्दीतून वाट काढत जवळ येऊन म्हणाला, "बरं केलंस." करीमने त्याच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. कुलदीप मात्र भेटायला आला नाही. त्याने निरोप धाडला, "मला सांगितलं असतं तर मीच भट्टीत टाकलं असतं. खोटं का बोललास?" शेवटी करीमने आपली क्रेन त्याच्या नावावर करून दिली, त्याने दिपेशचे पैसे परत केले आणि प्रकरण मिटलं.

घरात मात्र मिटलं नाही. तो चौकीतून सुटून आला त्या सकाळी मेहरुन्निसा ओट्यावर बसली होती. बाकीच्या बायका उठून आत गेल्या. ती उठली नाही.

"मोडलंत," ती म्हणाली.

"मोडलं. आता कोन तिथं बसून बिर्यानी खानार नाय."

"तुमी आत गेला होतात?"

"नाय."

"नामदेव?"

"नाय."

"मंग कोनीच नाय बघितलं? आखेरचं कोनीच नाय?"

करीमला खोटं बोलता आलं असतं. तो थकला होता. "ती बाई गेली होती. कॅप्टनची बायको."

मेहरुन्निसा उठून उभी राहिली. तिला ते पुरतं समजायला थोडा वेळ लागला. मग तिचा चेहरा असा काही झाला की करीम एक पाऊल मागे सरला.

"तिला जाऊ दिलंत," ती म्हणाली. "आनि मला फोनवर बसवलंत."

"मी नाय जाऊ दिलं, तीच घुसली—"

"मला तिच्याकडं न्या."

"त्या बाईच्या दारात? डोकं फिरलं काय तुझं? तिच्या नवऱ्यानं मारली आपली पोर!"

"तिच्या नवऱ्यानं मारली आसंल," मेहरुन्निसा म्हणाली. "पन बघू तुमी दिली नाय. दोन डाव."

त्याने तिला खारघरला नेलं. मोठी सोसायटी होती, दारात वॉचमन, आत कारंजं. मेहरुन्निसा गाडीतून उतरली आणि करीम उतरायला लागला तसं तिने बाहेरून दार लोटलं. "तुमी नाय." वॉचमनने वर फोन लावला. काय बोलणं झालं कुणास ठाऊक, त्याने फाटक उघडलं आणि ती बुरख्याची टोकं सावरत लिफ्टकडे गेली.

करीम गाडीत बसून राहिला. वर कुठल्यातरी बाल्कनीत दोन बायका दिसतील म्हणून तो काचेतून मान वाकडी करून बघत होता. कुणी दिसलं नाही. वॉचमनने येऊन गाडी पुढे घ्यायला सांगितलं. एरवी तो त्याच्या अंगावर गेला असता. त्याने गाडी पुढे घेतली. काय सांगत असेल ती बाई? खुर्ची मोडली होती की धड होती? पट्टा लावलेला होता की सुटलेला? यार्डात एक शब्द बोलू दिला असता तर आपल्यालाही कळलं असतं, असं पहिल्यांदाच त्याच्या मनात आलं, आणि त्याने स्टिअरिंगवर मूठ आपटली.

मेहरुन्निसा खाली आली तेव्हा दुपार कलली होती. डोळे सुजले होते, पण चाल ताठ होती. ती पुढे त्याच्या शेजारी बसली नाही. मागचं दार उघडून मागे बसली.

"काय म्हनाली?" करीमने विचारलं.

"गाडी चालवा."

त्याने गाडी चालवली. तळोज्याचं रेल्वेफाटक लागलेलं होतं. मालगाडी सावकाश जात होती, डब्यांमागून डबे. त्याला राहवेना. आरशात बघत तो म्हणाला, "मेहरू, सांग ना. काय बघितलं तिनं? माझीबी पोर होती ती."

"तुमची पोर तुमी पेटीत बघितलीत," ती म्हणाली. "ही माझी."

फाटक उघडलं. मागून हॉर्न वाजायला लागले तरी करीमला गिअर टाकायचं सुचेना.

पुढच्या शुक्रवारी नमाजानंतर ती पुन्हा खारघरला गेली. तिने त्याला विचारलं नाही, सांगितलंही नाही. नाक्यावरून रिक्षा केली आणि गेली.